फुटलेल्या काचेचा हिशेब

सांगलीच्या गावभागात एका जुन्या दुमजली घराला माडीवर पूर्वेच्या अंगाला एक सागवानी खिडकी आहे. दोन झडपा आणि प्रत्येक झडपेत तीन तावदाने. घराचे कर्ते अण्णा बाहत्तर वर्षांचे. सारी हयात कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात गेली. पै-पैचा मेळ लागल्याखेरीज वही मिटायची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरातले किरकोळ दुरुस्तीचे काम ते स्वतःच करतात आणि प्रत्येक कामाची नोंद एका लाल वहीत ठेवतात.

गेल्या आषाढात एका दुपारी वाऱ्याने खिडकीची आकडी निसटली, झडप चौकटीवर आपटली आणि मधल्या तावदानाच्या खालच्या कोपऱ्यातून केसाएवढी एक चीर वर गेली. काच पडली नाही. चीर जेमतेम चार बोटांची होती.

"अहो, आजच काचवाल्याला बोलवा," अक्का म्हणाल्या.

"पावसाळा सरू दे. ओल्या लाकडाला लांबी धरत नाही," अण्णांनी उत्तर दिले.

म्हणणे खरेच होते. त्यांनी चिरेवर पारदर्शक चिकटपट्टी लावली, चीर जिथे संपत होती तिथे पट्टीवर पेनाने खूण केली आणि खाली तारीख घातली. श्रावणात पाहिले तेव्हा चीर खुणेच्या दोन बोटे पुढे गेली होती. भाद्रपदात आणखी एक बोट. दिवाळीपर्यंत ती वीतभर झाली. या काळात काचेला कोणी हातही लावला नव्हता.

याचे कारण काचेच्या स्वभावात आहे. धातूवर ताण आला तर तो थोडा वाकतो, दबतो आणि तो ताण आजूबाजूला वाटून देतो. काचेला वाकणे ठाऊक नाही. आलेला सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो. ॲलन आर्नॉल्ड ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे गणिताने मांडले. काच दिसते तितकी बळकट नसते, याचे कारण तिच्यात आधीपासूनच असलेल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यात भर म्हणजे हवेतला दमट ओलावा चिरेच्या टोकाशी पोहोचून तेथील बंध हळूहळू सैल करतो. दुपारचे ऊन, रात्रीचा गारवा आणि झडपेची रोजची उघडझाप यांनी उरलेले काम होते. म्हणून तडा गेलेली काच जागच्या जागी राहिली आहे असे वाटते, तेव्हाही ती थोडी थोडी फुटतच असते.

दिवाळीला पुण्याहून आलेल्या नातवाने विचारले, "अण्णा, गाडीच्या पुढच्या काचेचा तडा भरून देतात, तसा हा भरता येणार नाही का?"

प्रश्न रास्त होता. गाडीची पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर दाबून केलेला पुडा असतो. वरच्या काचेला लहानसा टवका उडाला तर त्यात पातळ राळ भरून तो पुढे पसरण्यापासून थांबवता येतो, कारण मागचा थर आणि दुसरी काच शाबूत असतात. घराच्या तावदानाला असा पाठीराखा नसतो. त्याला चिकटद्रव्य लावले तर चार दिवस वारा अडतो, पण काचेचे बळ परत येत नाही. तडा गेलेले तावदान बदलावेच लागते. घरी दुरुस्ती होते ती खरे तर काचेची नव्हे, तिला धरून ठेवणाऱ्या चौकटीची.

कार्तिकात आभाळ मोकळे झाले, लाकूड सुकले आणि अण्णांनी काम हाती घेतले. जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायांत बूट. खाली जुनी सतरंजी. काचेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी फुलीफुलीने चिकटपट्ट्या लावल्या, म्हणजे तुकडे निखळून अंगावर येत नाहीत. तुकडे काढताना सुरुवात वरच्या बाजूने केली. खालचे आधी काढले तर वरचा तुकडा सुरीसारखा मनगटावर उतरतो. मग जुनी लांबी पटाशीने खरवडायला घेतली. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून त्यांनी ती पाणी शिंपडून ओली केली, कोरडी घासली नाही आणि नातवाला त्या वेळी खोलीत येऊ दिले नाही.

चौकटीची खाच स्वच्छ झाल्यावर तिला बेलतेलाचा हात दिला. कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि मग लांबी भेगाळून सुटते. नंतर माप. उंची तीन ठिकाणी, रुंदी तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण. जुन्या घराच्या चौकटी काटकोनात असतीलच असे नाही. सर्वांत कमी आलेल्या मापातून उंचीला आणि रुंदीला तीन-तीन मिलिमीटर वजा केले. पावसाळ्यात लाकूड फुगते, तेव्हा त्याला तेवढी जागा हवी. ठासून बसवलेली काच पहिल्या पावसाळ्यातच तडकते.

दुकानदाराने चार मिलिमीटर जाडीची काच पाटावर आडवी घातली, हिरकणी रॉकेलमध्ये बुडवली आणि पट्टीच्या कडेने एकदाच ओढली. किर्र असा एकच आवाज आला. मग काच पाटाच्या कडेवर धरून त्याने अलगद दाबली आणि ती रेघेवर सरळ दुभंगली. हिरकणी काच कापत नाही. ती एक नेमकी चीर पाडते आणि त्या चिरेवरून काच स्वतःच फुटते. जो गुण घरात तावदान घालवतो, त्याच गुणावर काचवाल्याचे पोट चालते. तीच रेघ दुसऱ्यांदा ओढली तर मात्र कड दातेरी निघते.

खिडकी जमिनीलगत असती किंवा मुलांच्या धावण्याच्या वाटेवर असती, तर कडक केलेली काच घेणे योग्य ठरले असते. ती फुटली तर लांब पात्यांऐवजी तिचे बारीक खडे होतात. पण ती कडक केल्यावर कापता येत नाही. अचूक माप देऊनच ती बनवून घ्यावी लागते.

नव्या काचेतून अण्णांनी रस्त्याकडे पाहिले. जुन्या तावदानातून समोरच्या घराची कौले किंचित लहरत असत, या काचेतून ती सरळ दिसली. वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगत ठेवून सपाट काच काढण्याची रीत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. त्यापूर्वीच्या ओढून काढलेल्या काचेत अशा लहरी राहत. काच वर्षानुवर्षे खाली ओघळते म्हणून ती लहरी दिसते, हा मात्र समज आहे. त्या लहरी जन्मतःच असतात.

लांबी त्यांनी घरीच मळली. खडूची बारीक भुकटी आणि त्यात थेंब थेंब जवसाचे तेल. गोळा हाताला चिकटेनासा झाला, की लांबी झाली. खाचेत तिचा पातळ थर दिला, त्यावर काच टेकवली आणि मध्यभागी न दाबता कडांनी दाबत बसवली. प्रत्येक बाजूला बिनडोक्याच्या बारीक चुका लावल्या. त्या हातोडीने न ठोकता, पटाशी काचेवर सपाट सरकवत तिच्या कडेने लाकडात ढकलल्या. मग बाहेरून लांबीचा उतार ओढला, पाणी थांबू नये म्हणून. दोन आठवड्यांनी तिच्यावर साय धरल्यावर रंग दिला आणि रंगाची कड लांबी ओलांडून दोन मिलिमीटर काचेवर नेली, म्हणजे मधल्या फटीतून पाणी शिरत नाही.

काच बसवली त्याच संध्याकाळी लाल वहीत नोंद झाली होती. काच, भुकटी, तेल, चुका. खाली एक रेघ आणि 'काम पूर्ण'.

काम पूर्ण झालेले नव्हते. जुन्या काचेचे तुकडे अण्णांनी रद्दीच्या दोन कागदांत गुंडाळून निळ्या पिशवीत घातले होते आणि ती पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत गेली होती.

त्यानंतर पाच दिवस कचरा न्यायला वेगळीच बाई आली. सहाव्या दिवशी नेहमीच्या बाई आल्या, त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती. अक्कांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "काच लागली, अक्का. ओला-सुका वेगळा करताना हात घातला आणि आरपार गेली. चार टाके पडले. हातमोजे होते की, पण काचेपुढं ते कागदच."

"कुणाच्या घरची होती?"

"आता कसं सांगायचं? साठ घरांचा कचरा एकत्र होतोय. निळ्या पिशवीत होती, रद्दीत गुंडाळलेली."

अण्णा जिन्यात उभे होते. त्यांनी ते ऐकले आणि ते माघारी माडीवर गेले. निळी पिशवी कोणाच्याही घरची असू शकते. रद्दी सगळेच वापरतात. बाईंनी कोणावर आरोप केला नव्हता आणि कोणी करणारही नव्हते. जेवताना ते बोलले नाहीत. रात्री उशिरा त्यांनी लाल वही काढली, 'काम पूर्ण' हे दोन शब्द पाहिले आणि पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. पेढीवर असताना दुसऱ्याच्या खात्यावर पडलेली आपली चूक मालकाला न विचारता स्वतः जाऊन सांगणारे गृहस्थ होते ते. पण तिथे चूक दुरुस्त करायला उलट नोंद करता येत असे. इथे ती करता येणार नव्हती.

सकाळी घंटा वाजली, तेव्हा अक्कांच्या आधी ते दारात गेले.

"बाई, ती पिशवी आमची होती. काच मीच टाकली होती."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाच दिवसांची मजुरी गेली, अण्णा. टाक्यांचं वेगळंच."

"दोन्ही मी देतो. पैशाने हात बरा होत नाही, हे कळतंय मला."

"द्या. नको म्हणत नाही मी. पण पुढच्या खेपेला आधी सांगा."

"पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करीन आणि वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहीन."

"लिहिलेलं मला कुठं वाचता येतंय? तोंडानं सांगा."

अण्णांनी मान हलवली. आपण किती नीट काम करतो याचे त्यांना समाधान असे. तावदानाच्या माप-तोलात त्यांनी लाकडाच्या फुगण्याला तीन मिलिमीटर जागा ठेवली होती. तुकडे ज्या हातांत जाणार होते, त्या हातांचा विचार त्या मापात आला नव्हता.

त्या रात्री 'काम पूर्ण' खोडले गेले. त्याखाली मजुरी आणि औषधपाण्याची रक्कम आली. खाली रेघ मात्र मारलेली नाही.

संक्रांतीच्या सुमारास अक्कांच्या हातून काचेचा पेला निसटला. मोठे तुकडे चिमट्याने उचलले, बारीक कण ओल्या कापडाने टिपून घेतले आणि सगळे एका पत्र्याच्या रिकाम्या डब्यात भरून झाकण चिकटपट्टीने पक्के केले. दुसऱ्या दिवशी घंटा ऐकू येण्याच्या दहा मिनिटे आधीच अण्णा डबा घेऊन दारात उभे होते. थंडी होती. अक्का आतून म्हणाल्या, "अहो, डबा ओट्यावर ठेवून आत या की."

"नको," अण्णा म्हणाले. "सांगायचं आहे."

गाडी आली. बाईंनी डबा घेतला, हलवून पाहिला आणि इतर कचऱ्यात न टाकता पुढे चालकाच्या पायाशी वेगळा ठेवला. त्यांच्या तळहातावरचा व्रण अजून लालसर होता.