ठेव कुणाची?

जुन्या वस्तू जपणाऱ्या माणसांचे दोन प्रकार आमच्या पाहण्यात आहेत. एकाला वस्तूची किंमत ठाऊक असते, दुसऱ्याला तिची कथा ठाऊक असते. फुटबॉलच्या एखाद्या संघावर जीव टाकणारा माणूस या दुसऱ्या प्रकारातला. सामन्याच्या तिकिटाचा फाटका तुकडा, विटलेल्या रंगाचा रुमाल, वर्तमानपत्रातून कापून ठेवलेले आणि आता पिवळे पडलेले छायाचित्र, हे त्याचे धन. इतरांना ही रद्दी वाटते, आणि बाजारभावाने पाहिले तर ती रद्दीच असते. मग तो ती टाकून का देत नाही? हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत आहे. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांच्या दृष्टीने तर तो अगदी घरचा प्रश्न आहे. तो कसा, हे सांगण्याआधी एक दूरचे उदाहरण देतो.

लंडनमधील विम्बल्डन हे नाव आपल्याकडे टेनिसमुळे सर्वतोमुखी आहे. त्याच गावाचा एक फुटबॉल संघ होता. १९८८ साली त्याने लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघाला १-० असे नमवून इंग्लंडचा मानाचा एफ. ए. चषक जिंकला. पुढे मालकांनी हा संघ सुमारे ९० किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्स या गावी हलविण्याचे ठरविले. २००२ साली त्यास परवानगी मिळाली व २००३ साली संघ गेलाही. चाहत्यांनी रडत बसण्याऐवजी २००२ मध्येच आपला नवा संघ उभा केला आणि अगदी खालच्या श्रेणीतून खेळावयास आरंभ केला. वाद उरला तो निराळाच. १९८८ चा विजय कुणाचा? कागदोपत्री तो स्थलांतरित संघाचा होता. परंतु चाहत्यांचे म्हणणे असे की, संघ नेलात तर न्या, आमच्या आठवणी नेण्याचा अधिकार तुम्हांस नाही. अखेर २००७ साली त्या चषकाची प्रतिकृती व इतर स्मृतिचिन्हे मिल्टन कीन्सच्या संघाने विम्बल्डनच्या स्थानिक नगरपालिकेच्या स्वाधीन केली. २०२० साली चाहत्यांचा संघ आपल्या जुन्या मैदानाच्या जवळच नवे मैदान बांधून घरी परतला.

एका चषकाच्या प्रतिकृतीसाठी एवढा अट्टहास का, असे कुणी विचारील. आमच्या मते तो धातूच्या भांड्यासाठी नव्हताच. आम्ही होतो, आम्ही पाहिले, हे जगाने मान्य करावे एवढीच त्यामागील मागणी होती.

आता हैदराबादकडे वळू. १९५० ते १९५४ या पाच वर्षांत मुंबईची रोव्हर्स स्पर्धा लागोपाठ पाच वेळा एकाच संघाने जिंकली. तो संघ कलकत्त्याचा नव्हता, मुंबईचाही नव्हता. तो होता हैदराबाद शहर पोलीस. १९५० साली ड्युरँड स्पर्धेतही याच संघाने मोहन बागानला हरवून विजेतेपद मिळविले. कूपरेजच्या मैदानावर या शिपाई-खेळाडूंचा खेळ पाहण्यास मुंबईकर गर्दी करीत. या संघाचे गुरू होते सय्यद अब्दुल रहीम. त्यांना सारे रहीमसाहेब म्हणत, आणि आम्हीही तसेच म्हणतो. कारण ते आमच्या व्यवसायबंधूंपैकी एक. रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. काचिगुड्याच्या माध्यमिक शाळेत त्यांनी शिकविले. तोच काचिगुडा, जेथे मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे.

मास्तरकी त्यांच्या मैदानावरच्या शिकवणीतही दिसे. खेळाडूंना चेंडू पायात घोळवत ठेवण्याची सवय लागू नये म्हणून ते चेंडू घोळविण्यास बंदी असलेले सामने भरवीत. दुबळा पाय बळकट व्हावा म्हणून केवळ त्याच पायाने खेळण्याचे सामने भरवीत. अशुद्ध लिहिणाऱ्या मुलाकडून एकच शब्द दहादा गिरवून घेणाऱ्या शिक्षकाची ही रीत आहे. भारतीय संघाचे शिक्षक म्हणून १९५१ साली दिल्लीच्या व १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवून दिले. जकार्ताच्या वेळी ते कर्करोगाने पोखरलेले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले.

या कथेत आम्हां मराठी भाषिकांचाही वाटा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. हा संघ रोव्हर्स चषक आणीत होता, तेव्हाच्या हैदराबाद राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, उस्मानाबाद व नांदेड हे मराठवाड्याचे पाच जिल्हे होते. म्हणजे आपल्या राजधानीचा संघ जिंकला, असे नांदेडचा माणूसही तेव्हा हक्काने म्हणू शकत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि ते राज्य नकाशावरून पुसले गेले. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. त्या भारतीय संघात हैदराबादच्या मैदानांवर वाढलेले अनेक खेळाडू होते. राज्य संपले होते, परंतु त्या राज्याने घडविलेली माणसे जगापुढे खेळत होती. अखेर भारताला चौथा क्रमांक मिळाला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वर आपण आजवर गेलेलो नाही.

यांतील काहीही आम्ही पाहिलेले नाही. आमचा जन्म पुष्कळ नंतरचा. आम्हांस हे सारे वडिलांच्या तोंडून मिळाले. रात्री जेवणे आटोपली की ते अंगणात खाट टाकीत आणि नूर महंमद, अझीझुद्दीन ही नावे अशी उच्चारीत, की परक्याला वाटावे, आमच्या भावकीतल्याच कुणाविषयी बोलणे चालले आहे. तुलसीदास बलराम १९५७ साली कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेले, याचे दुःख त्यांना शेवटपर्यंत होते. मुलगी सासरी जावी तसे ते सांगत. वडिलांजवळ वस्तू अशी एकच होती, एका जुन्या वर्तमानपत्राचे कात्रण. त्यावर तारीख नव्हती, छायाचित्रातील चेहरे ओळखू येत नव्हते. तरीही दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ते पेटीतून निघे आणि पुन्हा पेटीतच जाई. न पाहिलेल्या सामन्यांचा अभिमान आम्हांस या कात्रणाने दिला.

मात्र आता वय पन्नाशीच्या पलीकडे गेल्यावर आम्हांस एक गोष्ट जाणवते. एवढा पराक्रम करणाऱ्या संघाचे स्मरण कलकत्त्यातल्यासारखे आमच्या शहरात का रुजले नाही? मोहन बागानने १९११ साली ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. तो २९ जुलैचा दिवस आजही कलकत्त्यात सणासारखा साजरा होतो. २०२० साली त्या संघाच्या नावापुढे दुसऱ्या संघाची आद्याक्षरे लागली, तेव्हा चाहत्यांनी ती काढून टाकण्याची मागणी लावून धरली आणि २०२३ साली ती अक्षरे गेली. आमच्या पोलीस संघाचे नाव हैदराबाद शहर पोलीसचे आंध्र प्रदेश पोलीस झाले, कालांतराने त्याचे तेजही ओसरले, आणि कुणी हूं की चूं केले नाही.

याचे कारण आमच्या मते प्रेमाच्या उणिवेत नाही, संघाच्या घडणीत आहे. मोहन बागानला सभासद होते. पोलीस संघाला प्रेक्षक होते, सभासद नव्हते. तो एका खात्याचा संघ होता. खात्यात माणूस भरती होतो, बदली होते, सेवानिवृत्त होतो; फायली मुदत संपली की निकालात निघतात. सरकारी नोकरीत आमचे आयुष्य गेले असल्याने ही रीत आम्हांस चांगली परिचित आहे. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. पण आठवण सांभाळणे हे कोणत्याही टेबलावरचे काम नसते, आणि जे कुणाच्याही टेबलावर नसते ते होत नाही.

खासगी मालकीच्या संघाची गत याहून बरी असेल असे वाटले होते. २०१९ साली पुण्याचा संघ बंद झाला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधील जागा नव्या हैदराबाद संघाने घेतली. पुण्यातील चाहत्यांचे दुःख तेव्हा आम्हां हैदराबादकरांस फारसे कळले नाही. घरी पाहुणा आल्याचा आनंद मोठा होता. २० मार्च २०२२ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर या संघाने अंतिम सामना जिंकला. बरोबरीचा गोल साहिल तावोराचा, आणि पेनल्टींच्या निर्णायक फेरीत तीन फटके अडविणारा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, दोघेही गोव्याचे. आमच्या शाळेत दुसऱ्या दिवशी मुले दुसरे काही बोलतच नव्हती. गणवेशाच्या आत पिवळी जर्सी घालून येणारे निघाले, आणि आम्ही त्यांच्याकडे काणाडोळा केला. मग २०२५ साली हा संघही नाव बदलून दिल्लीला गेला.

तेव्हा आठवीतल्या एका मुलाने आम्हांस वऱ्हांड्यात गाठून विचारले, "सर, आता ती जर्सी घालायची की नाही?" प्रश्न साधा होता, पण त्या मुलाच्या दृष्टीने तो लहान नव्हता. संघच राहिला नाही, तर आपण त्याच्यासाठी ओरडलो ते खोटे ठरले काय, असे त्यास विचारावयाचे होते. आम्ही म्हणालो, "बाळ, संघ त्यांचा होता, ती संध्याकाळ तुझी आहे. खुशाल घाल." त्याचे समाधान झाले की नाही, देव जाणे. पण उत्तर देता देता आमच्याच मनातील गाठ सुटली. ज्याने पाहिले आणि ज्याने जपले, त्याच्याकडेच भूतकाळाची ठेव राहते. मालक संघ विकू शकतो, ही ठेव त्यास विकता येत नाही.

अर्थात जुन्याचा गौरव करताना तारतम्य हवे. आमच्या काळी असे नव्हते, हे वाक्य मैदानाच्या कडेला बसून म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या सुवर्णकाळातील खेळाडूंना मिळणारा पगार तुटपुंजा होता, हे ते सांगत नाहीत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपण युगोस्लाव्हियाकडून १०-१ असे हरलो होतो, हेही सोयीने विसरतात. रहीमसाहेबांचे मोठेपण त्या पराभवानंतरच्या चार वर्षांच्या परिश्रमात आहे. पराभव वगळून सांगितलेला इतिहास मुलांना काहीच शिकवीत नाही, आणि त्याचा छडीसारखा उपयोग केला तर ती खेळाकडेच पाठ फिरवितात.

दिवस मात्र भराभर चालले आहेत. रहीमसाहेबांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम २०२१ साली गेले, तुलसीदास बलराम २०२३ साली गेले. २०२४ साली 'मैदान' या हिंदी चित्रपटाने रहीमसाहेबांचे नाव नव्या पिढीच्या कानी घातले, हे चांगलेच झाले. परंतु चित्रपट नायकाची गोष्ट सांगतो, गल्लीतली गोष्ट सांगणे त्याचे काम नव्हे. पोलीस खात्याच्या गोशामहल मैदानावर ३१ जानेवारी २०२५ रोजी उस्मानिया रुग्णालयाच्या नव्या वास्तूची पायाभरणी झाली. रुग्णालय हवेच, मैदानासाठी रुग्णास ताटकळत ठेवा, असे कोणता शहाणा म्हणेल? तथापि त्या वास्तूच्या एखाद्या भिंतीवर पाच रोव्हर्स चषकांची वर्षे कोरली, तर एकही खाट कमी होणार नाही.

भिंतीची वाट न पाहता आम्ही शाळेपुरता एक उपक्रम केला. घरातली फुटबॉलची सर्वांत जुनी वस्तू आणा, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाकडून तिची हकीकत लिहून आणा, असे मुलांना सांगितले. एकाने पणजोबांची पोलिसी शिट्टी आणली. एका मुलीने खिळे उखडलेला एकच बूट आणला. कित्येक मुले रिकाम्या हाताने आली, पण हकीकत घेऊन आली. शाळेच्या एका जाड वहीत आम्ही त्या उतरविल्या: वस्तू कोणती, कुणाची, कुणी सांगितले, कोणत्या तारखेस. वस्तू परत घरी गेल्या. वही शाळेत राहिली आणि आमच्या सेवानिवृत्तीनंतरही राहील, कारण तिची नोंद आम्ही दप्तराच्या यादीत रीतसर केली आहे.

वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. काचिगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या आपल्या वस्त्यांतील जुन्या पेट्यांतून, आणि मराठवाड्यातील आप्तांच्या माळ्यांवरून, त्या दिवसांतले काही सापडेल. छायाचित्र मिळाले तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागील बाजूस शिसपेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत. कात्रण मिळाले तर त्यावर तारीख घालावी. काहीच मिळाले नाही, तर आजोबांना विचारावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. आमच्या वडिलांच्या कात्रणावरील चेहऱ्यांची नावे विचारावीत असे आज फार वाटते, पण ती सांगू शकणारे घरात आता कुणी नाही. ज्यांच्या घरी असे कुणी आहे, त्यांनी या रविवारीच वही काढावी.