जिथं चुकलात तिथंच थांबा

लेकीच्या बाळंतपणासाठी मी मार्चमध्ये लंडनला गेले. आमचे हे जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी आले. तोवर मी तिथं बऱ्यापैकी रुळले होते. भाजी आणायची, बाळाचं औषध आणायचं, केंटनच्या देरासरात दर्शनाला जाऊन यायचं, सगळं एकटीनं. बेळगावात शहापुरातून कॅम्पात जायचं झालं तरी यांच्या स्कूटरवर मागे बसणारी मी! म्हणून लेक म्हणाली, "आई, बाबांना लंडन तूच दाखव. मला बाळाचं आहे." यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "बघू या की."

पहिल्याच दिवशी बसमध्ये चढताच यांनी सवयीनं खिशातून पाकीट काढलं आणि पाच पौंडांची नोट ड्रायव्हरपुढे धरली. त्यानं मान हलवली. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, यंत्राला कार्ड टेकवायचं. मी मागून हात पुढे करून दोघांची कार्डं एकामागून एक टेकवली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, यांच्यादेखत तिकिटाचं मी बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच. हे गप्प बसून खिडकीबाहेर बघत राहिले. मला मात्र बरं वाटलं. लपवून काय करायचं?

त्या बरं वाटण्याच्या भरातच मी हॅरो ऑन द हिल स्टेशनात भराभर पुढे चालत होते. तोंडानं माहिती सांगणं चालूच होतं. ही मेट्रोपॉलिटन लाइन म्हणजे जगातली पहिली भुयारी रेल्वे, १८६३ साली पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन सुरू झाली, तेव्हा भुयारातसुद्धा वाफेचं इंजिन धावायचं, वगैरे. गाडी आली, मी चढले आणि पुढचं वाक्य बोलायला वळले, तर मागे हे नाहीतच. दारं बंद झाली. काचेतून दिसलं, हे फलाटावरच्या नकाशासमोर चष्मा कपाळावर चढवून उभे होते. हाक मारली ती काचेच्या आतच राहिली.

यांच्या फोनमध्ये तिथलं सिमकार्ड अजून घातलेलं नव्हतं. दोघांची कार्डं माझ्या पर्समध्ये. लेकीच्या घराचा पत्ता यांना तोंडपाठ नाही. पुढचं स्टेशन नॉर्थविक पार्क, जेमतेम दोन मिनिटांवर. पण त्या दोन मिनिटांत मी णमोकार मंत्र किती वेळा म्हटला असेन कोण जाणे. उतरले, समोरून येणारी उलटी गाडी पकडली, जिना चढून पलीकडच्या फलाटावर धावत उतरले. दशम्यांच्या डब्याची पिशवी छातीशी धरून हे तिथंच उभे होते. पाऊलभरसुद्धा हलले नव्हते.

"लक्ष कुठं होतं तुमचं?" मी ओरडलेच.

आणि ओरडता ओरडता थांबले. हे वाक्य माझं नव्हतं. २००६ साली श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला गेलो होतो, तेव्हा विंध्यगिरीच्या पायथ्याशी गर्दीत आमची चुकामूक झाली होती. तिकिटं, पास, पैसे सगळं यांच्याकडे. हे भराभर पुढे गेलेले. माझ्याजवळ दोन मुलं आणि पाण्याची एक बाटली. तासाभरानं भेटले ते हेच म्हणत, "लक्ष कुठं होतं तुझं?" लोकांसमोर. ते वाक्य मी इतकी वर्षं मनात जपून ठेवलं होतं. एकदाही मागे वळून बघितलं नाही तुम्ही, हे यांना सुनवायचं म्हणून. आणि आज मीसुद्धा वळून बघितलं नव्हतं. दुसरीही एक गोष्ट त्या फलाटावर कळली. ओरडणारा माणूस आतून किती घाबरलेला असतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

हे चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मुलांना आपणच सांगायचो ना, चुकलात तर जिथं आहात तिथंच थांबा म्हणून. थांबलो."

मग युस्टन स्क्वेअरला उतरून गॉवर स्ट्रीटनं ब्रिटिश म्युझियमकडे निघालो. माझी माहिती सांगणं बंद झालं होतं. पावलंही आपोआप हळू पडत होती. तिथल्या भारताच्या दालनात ओडिशातलं एक शिल्प आहे. एकाच दगडात ऋषभदेव आणि महावीर शेजारी शेजारी उभे आहेत. हे थबकले. भोवती शाळेची मुलं, फोटो काढणारी माणसं. माझ्याजवळ सरकून यांनी हळूच विचारलं, "बूट काढायचे का गं?"

बस, रेल्वे, कार्ड, कशाचंही उत्तर मी दिलं असतं. याचं माझ्याजवळ नव्हतं. "मलाही कळत नाही हो," म्हणाले. मग बूट तसेच ठेवून, पाऊलभर मागे सरून दोघांनी हात जोडले.

आमच्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीच्या काळचे, १२०४ सालचे शिलालेखही याच संग्रहालयाच्या ताब्यात आहेत, हे लेकीनं मला सांगितलं होतं. ते यांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे बेळगावची मंडळी आपल्या आधीच इकडं येऊन राहिलीत म्हण की!" सकाळपासून पहिल्यांदा दोघं मोकळेपणानं हसलो.

रसेल स्क्वेअरच्या बागेत बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. संध्याकाळच्या जेवणाची घाई नव्हती. जूनमध्ये तिथं सूर्य मावळायला सव्वानऊ होऊन जातात. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम यांनी कधी मोडलेला नाही, आणि आठ वाजता ऊन बघून पहिल्या दिवशी घड्याळच बिघडलं असं समजून बसले होते!

परतताना स्टेशनच्या दारात मी पर्समधून एक कार्ड काढून यांच्या हातात दिलं. "आता तुमचं तुम्ही टेकवा. आणि जपून ठेवा." यांनी ते पाकिटात अगदी नोटेसारखं सरळ करून ठेवलं.

गाडी आली. दार उघडलं. हे मला म्हणाले, "तू चढ." मी म्हणाले, "तुम्ही चढा आधी." दोघंही दारातच अडून राहिलो. मागून आलेली एक बाई "सॉरी, सॉरी" म्हणत आत शिरली, आणि तिच्या धक्क्यानं आम्ही दोघं एकदमच आत गेलो.