नवतप्यातला प्रवास

ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण फार सहज म्हणतो. आणि ज्याने ते म्हटले त्याने वाद जिंकला, असे मानण्याचा प्रघातही जुनाच आहे. परंतु ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, रोहिणीचे ऊन डोक्यावर घेऊन, चाकाच्या दोहों बाजूंस सामानाच्या पिशव्या लटकावून सावनेरहून पांढुर्ण्याला आणि तेथून मुलताईचा चढ चढून बैतूल-भोपाळच्या दिशेने सायकलीवर निघालेल्या माणसाला ही म्हण जसजशी लावू लागलो, तसतशी ती माझ्या हातून निसटू लागली.

कारण अशा माणसाचे जळत असते तेव्हा ते कळण्याची शक्तीच त्याच्यापाशी उरत नाही. हवेचे तापमान सुमारे 35 अंशांच्या, म्हणजे त्वचेच्या तापमानाच्या, वर गेले की वारा देहाची उष्णता नेण्याऐवजी देहाला उष्णता देऊ लागतो, आणि मग घाम वाळण्याखेरीज दुसरा आधार राहत नाही. आमच्याकडची उन्हाळी हवा इतकी कोरडी, की तो घाम आला केव्हा आणि उडाला केव्हा याचा पत्ता लागू नये; तासाला लिटरभर पाणी अंगातून निघून जाते, आणि साक्षीला सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या उरतात. सपाटीवर सायकलीच्या वेगानेच जो वारा लागतो, तो चढावर नाहीसा होतो. पुढे उष्माघात जवळ आला म्हणजे पाय कदाचित चालतच असतात, पण विवेक सुटतो. माणूस चिडतो, बरळतो, आणि आपल्याला काहीही झालेले नाही असे हट्टाने सांगतो. कळते ते शेजारच्याला.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल-शर्यत पुरी केली, आणि तिच्यात आरंभीच, जून महिन्यात, वाळवंट लागते. ती एकट्याने केली असे आपण म्हणतो व ते खरेही आहे. परंतु त्या शर्यतीत स्वाराच्या मागून त्याच्या माणसांची मोटार चालते, आणि त्याने पाणी केव्हा प्यावे, निजावे केव्हा, याची चिंता ती माणसे वाहतात. 1923 साली मुंबईहून निघून 1928 साली पृथ्वीप्रदक्षिणा आटोपून परतलेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी इराण-मेसोपोटेमियाची वाळवंटे ओलांडली तेव्हा मागे मोटार नव्हती. पण त्यांच्यातला कोणी एकटा नव्हता, आणि एकाचे जळत असताना ते सोबतच्यांना कळत असावे.

आमच्या मुलखाच्या दप्तरी स्मृतीत तर उन्हाळी प्रवासाला प्रतिष्ठाच नाही. मध्यप्रांताच्या अमदानीत साहेबाचा दौरा हिवाळ्यातला. तंबू, मुक्काम, अर्जदारांची गर्दी, सारे थंडीतच. ऊन चढले की वरिष्ठ दप्तर नागपूरहून पचमढीला जाई, आणि तेथून सुटलेला हुकूम बजावण्यासाठी भर दुपारी फिरे तो पटवारी किंवा चपराशी. त्याच्या हिंडण्याला कोणी दौरा म्हटले नाही. 2023 साली पांढुर्णा हाच जिल्हा झाला, सौंसरची तहसील त्यात आली, आणि आता कलेक्टर-कचेरी मे महिन्यातही येथेच भरते. पोटासाठी उन्हात जाणारा आणि हौसेने जाणारा यांच्यातले अंतर मात्र मला त्यामुळे अधिक उमगले असे नाही.

या सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या बागांत उन्हाळ्यात एक गोष्ट बुद्ध्या केली जाते. ज्याला मृग बहार धरायचा आहे तो बागाईतदार ऐन एप्रिल-मे महिन्यांत झाडांचे पाणी तोडतो. त्याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, वळतात, काही गळतात. वाढ थांबते, आणि झाड जणू आपला सारा संचय काड्यांत साठवून बसते. मग मृगाचा पाऊस आला, किंवा पाणी सोडले, की फुले लागतात आणि फळ पुढे फेब्रुवारी-मार्चात उतरते. हलक्या जमिनीत हा ताण थोडक्यात बसतो. भारी काळ्या जमिनीत दिवसेंदिवस वाट पाहिली तरी बसत नाही. कमी पडला तर बहार फुटत नाही, अधिक झाला तर फांद्याच वाळतात, आणि मधेच अवकाळी सर आली तर सगळी तपश्चर्या फुकट जाते. या साऱ्यात जळते झाडाचे. ओळखायचे असते ते दुसऱ्याने, सकाळच्या वेळी बागेत हिंडून, रात्रीच्या गारव्यानेही पान सावरले की नाही एवढे पाहून.

नवतप्यात निघालेला स्वार हा स्वतःच झाड आणि स्वतःच बागवान, असे वाक्य मी लिहून ठेवले होते. ते आता मला पटेनासे झाले आहे. कारण बागवानाला तरी नेमके काय कळते? मृग वेळेवर येईल या भरवशावर तो पाणी तोडतो, आणि मृग लांबला तर त्याची मदार विहिरीवर. विहीर आटलेली असेल तर त्याच्या ज्ञानाचा झाडाला उपयोग नाही. उलटपक्षी, स्वाराला ते दिवस पार पडल्यावर काही लाभत असेल, एखादा बहार म्हणा, तर तो मला बाहेरून दिसणार कसा? उन्हात जाऊ नये, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे मला एकेकाळी निर्विवाद वाटे. आज सौंसरच्या एखाद्या जुन्या बागवानाला या सायकलवाल्यांविषयी विचारावे असे मनात येते; पण तो बहुधा पान चिमटीत धरून, यंदा ताण चार दिवस कमीच द्यावा म्हणतो, एवढेच सांगेल, आणि सायकलवाल्यांचा विषय तसाच राहील.