उजवा कोणाचा?

तबल्याच्या जोडीतील ‘दायाँ’ आणि ‘बायाँ’ ही नावे वाजविणाऱ्याच्या हातांवरून पडलेली आहेत. आपण त्याच्या समोर बसतो, म्हणून त्याचा दायाँ आपल्या डावीकडे येतो. बनारस घराण्याचे प्रवर्तक पंडित रामसहाय यांच्या या काशीनगरीत हे पोराटोरांनाही ठाऊक असते; संगणकाला मात्र ते कोण सांगणार?

आमच्या ब्रह्माघाटावरील घरी खोली झाडताना संगणकाच्या दोन्ही स्पीकरांची अदलाबदल झाली. डोळे मिटून ऐकणाऱ्या भाच्याने अनुमान काढले की वादक डावखुरा असावा, आणि दोन दिवस तोही जोडी उलटी मांडून रियाज करीत बसला! कोवळ्या वयात हाताला लागलेले वळण सहजासहजी सुटत नाही. त्यामुळे ही गोष्ट मला हसण्यावारी नेता येईना.

कोणी सुचविले, पिन फिरवून खोचा. पण ती पिन गोल. तिच्या टोकाशी डावा नाद, त्यामागील कड्याशी उजवा. ती कशीही फिरविली तरी फरक शून्य! खोके उचलून त्यांच्या जागा बदलणे हाच सोपा उपाय.

परीक्षा मात्र तबल्यावरून करू नये. काही ध्वनिमुद्रक जोडी वादकाच्या बाजूने मांडतात, काही श्रोत्याच्या. संगणकातील आवाजाचा तोल पूर्णपणे डावीकडे सारावा आणि कोणता खोका बोलतो ते पाहावे. आम्ही तसे केले, तेव्हा उजवीकडचा, खिडकीजवळचा बोलला. तो उचलून भिंतीकडे, डाव्या हाताला ठेवला.