‘टोलवला’ म्हणजे?

रायपूरच्या सदर बाजारात, एका सराफी पेढीच्या वर आमचे बिऱ्हाड आहे. खाली दिवसभर हिंदी आणि छत्तीसगढी, कचेरीत हिंदी, आणि खरे सांगावयाचे तर अलीकडे घरातही निम्मी हिंदीच. चिरंजीव येथेच वाढले. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

आमच्या तीर्थरूपांनी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे धावते वर्णन मराठीतून ऐकले होते. त्या आठवणी सांगताना त्यांचा स्वर बदलत असे. आम्हांला परमुलखात ते सुख नव्हते. म्हणून 2023 साली जिओसिनेमाने आयपीएलचे सामने मराठीतूनही ऐकविले, तेव्हा आम्ही हरखलो. मराठीत समालोचन करणारे केदार जाधव त्याच मोसमात बंगळूरच्या संघात घेतले गेले, हा योगही मौजेचा!

चिरंजीव मात्र म्हणाले, “बाबा, हिंदी लावा ना. हे समजत नाही.” वरिष्ठांच्या कोणत्याही मेमोने आम्ही इतके खजील झालो नव्हतो.

तरी मराठीच चालू ठेविली. चार-पाच सामन्यांनंतर प्रश्न आला, “बाबा, ‘टोलवला’ म्हणजे?” आम्ही मोज्यांचा चेंडू केला, स्वयंपाकघरातले लाटणे आणिले आणि टोलवून दाखविला. चेंडू खिडकीतून थेट सदर बाजारात! चिरंजीव धावतच जिना उतरले. खाली ते पेढीच्या राखणदाराला मोठ्याने सांगत होते, “बाबांनी टोलवला!”

राखणदाराला काही उमगले नसावे. आम्ही मात्र बराच वेळ खिडकीतच उभे होतो.