भाजीनं खरूज जात नाही

आज पिकाचं नाही, सशाचं लिहितोय. पण चूक आपल्या शेतीतल्या सवयीचीच आहे, म्हणून इथं नोंद करून ठेवतो.

गेल्या पौषात नातीसाठी सशांची जोडी आणली. गोठ्याच्या कडेला जाळीचं खुराडं केलं. महिनाभरात नराच्या अंगावर कोंडा दिसायला लागला. हात फिरवला की पांढरा भुसा हाताला लागायचा. थंडीत आपल्या टाचा फुटतात, तसंच असेल असं मी धरून चाललो. नातीला म्हटलं, "कातडी कोरडी पडलीय, अंगात पाणी कमी आहे. भाजी घाल, आठ दिवसांत अंग चकाकेल."

भाजी घरचीच. कोबीची पानं, पालक, गाजरं, रोज पाटीभर. तोवर ते दोघं वाळल्या गवतावर होते. एकदम एवढं ओलं पोटात गेलं आणि तिसऱ्या दिवशी लेंड्या पातळ झाल्या. कोंडा काही हटला नाही. उलट नाकाचा शेंडा, कानांच्या कडा आणि पायाच्या बोटांवर पांढऱ्या खपल्या धरल्या. सारखा खाजवायचा. माझ्या मनगटावरही बारीक पुरळ उठलं, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

नरानं खाणं सोडलं तेव्हा तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खपली खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. म्हणाले, "ही खरूज आहे. बारीक किडे कातडीत बिळं करून राहतात. पाल्यानं ते कसे मरतील?" मनगटावरचं पुरळही त्याचंच निघालं.

नर त्याच रात्री गेला. ससा दिवसभर उपाशी राहिला की त्याचं आतडं थंडावतं, आणि आम्ही दोन दिवस वाट बघितली होती. मादीला वजन करून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं, दोन आठवड्यांनी दुसरं. खुराडं धुऊन उन्हात तापवलं, खालचा भुसा जाळला. महिन्याभरात तिची लव परत आली. नात एवढंच म्हणाली, "आबा, तुम्ही तर म्हणाला होतात भाजीनं बरं होईल."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पान पिवळं दिसलं की आपण युरिया फेकतो. मुळाशी पाणी साचलंय का, मूळ कुजलंय का, चुनखडी जमिनीत लोह लागत नाहीये का, हे बघत नाही. सशाच्या बाबतीत मी तेच केलं.

ज्यांच्या घरी ससे आहेत त्यांच्यासाठी, शिकलो तेवढं लिहितो:

१. मुख्य खाणं गवत. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. स्वच्छ पाणी कायम समोर असावं.

२. भाजी चांगलीच, पण वरचं खाणं म्हणून. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला मूठभर द्यावा. नवीन पाला थोडा थोडा वाढवावा. गाजर गोड, म्हणून तुकडाभरच. कोबी जास्त झाला की पोट फुगतं. कांदा, लसूण, बटाटा देऊ नये.

३. फवारलेल्या प्लॉटमधला पाला काढणीचे दिवस पाळल्याशिवाय घालू नका. सशाला उलटी होत नाही, पोटात गेलेलं बाहेर टाकता येत नाही.

४. कुत्र्याच्या गोचिडांचं फिप्रोनिल सशाला कधीच लावू नका, त्यानं ससा दगावतो. आयव्हरमेक्टिनही गाईच्या अंदाजानं टोचू नका, डॉक्टरांकडूनच घ्या.

५. कोंड्याबरोबर खाज किंवा खपली दिसली, तर भाजी शोधत बसू नका, कातडी तपासून घ्या. आधी रोग ओळखायचा, मग इलाज.

मादी आता बरी आहे. तिला पाला घालायचं काम नातीनं स्वतःकडं घेतलंय. किती घालायचा ते मला विचारत नाही, आणि ते बरंच आहे.