मागीलदारची पडवी

कोकणातल्या आचऱ्याच्या घरात आम्ही चुलत भावंडं एकत्र वाढलो. आता कुणी डोंबिवलीत, कुणी पुण्यात, कुणी कुडाळात. पण चतुर्थीला सगळे जमलो, गणपतीवरची माटी बांधून झाली, की ओटीवरच्या गप्पा हमखास १९८२ सालावर येतात. त्या वर्षी आमच्या वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न होता : बाहेर बिऱ्हाड करायचं की आहे त्याच घराला खोल्या जोडायच्या?

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. मोठे काका गिरणीत होते. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत त्यांनी काही महिने काढले आणि मग काकीला, मुलांना घेऊन ते गावी आले. त्या दिवसांत कोकणातल्या वाडीवाडीत अशी बिऱ्हाडं परतत होती. ट्रंका, वळकट्या आणि गिरणगावातला स्टोव्ह एस्टीच्या टपावरून उतरला. आम्हा मुलांना सणच वाटला. मोठ्यांना मात्र रात्री अंथरुणं कुठे घालायची याची काळजी होती. ओटी, माजघर, देवाची खोली, बाळंतिणीची काळोखी खोली आणि न्हाणी, एवढंच घर. पावसाची झड आली की ओटीचा अर्धा भाग भिजायचा आणि सगळे माजघरात दाटीने झोपायचे.

दोन मतं होती. मालवणात भाड्याने जागा घ्यावी, तिथे शाळा आणि बाजार जवळ, काकांना काम मिळेल, हे एक. मागीलदारी खोल्या काढाव्यात, हे दुसरं. आजोबा कितीतरी संध्याकाळी ओटीवर बसून सगळ्यांचं ऐकत होते. आमच्या लक्षात राहिलं ते हे, की त्यांनी सुनांनाही विचारलं. मुंबईत वाढलेली काकी स्पष्ट म्हणाली, "माका येगळी चूल नको, पण पोरांका अभ्यासाक जागा होयी." आजी म्हणाली, "घर मोडूक येळ लागणा नाय, बांधूक जल्म जाता." भातशेती इथे, गुरं इथे, हातात रोकड नाही, भाडं दर महिन्याला लागेल, चिरा एकदाच लागेल, असा हिशेब आजोबांनी मांडला. मग गावच्या रामेश्वराला गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणताना आमचाही आवाज त्यात होता.

पाऊस सरल्यावर मागीलदारच्या पडवीचं काम निघालं. खाणीवरून चिरा बैलगाडीने आला. खाणीतून नुकताच निघालेला जांभा सहज तासता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो, हे आम्ही हात लावून शिकलो. परसातला जुना फणस छपराच्या भालासाठी पाडला, त्या दिवशी आजी जेवली नाही. सुताराने नव्या भागाला वेगळं छप्पर केलं नाही. दोन छपरांच्या मधल्या पन्हळीत पाणी साचतं आणि गळती तिथूनच लागते. म्हणून जुन्याच वाशांना जोड देऊन त्याने उतार पुढे नेला. तो उतार खाली येत गेला, तशी जमीनही एक पायरी खाली घ्यावी लागली. मंगलोरी कौलं चढवताना घरातली सगळी माणसं, वाडीतले शेजारीसुद्धा, ओळीने उभी राहून हातोहात कौलं देत होती. मिरगाच्या आत घरभरणी झाली. त्या पडवीत आम्ही दहावीचा अभ्यास केला, बहिणींच्या लग्नांचे लाडू वळले आणि आजोबांचं शेवटचं आजारपणही काढलं.

बाहेर पडायची आमच्या माणसांना कधीच भीती नव्हती. आचऱ्यात गावपळणीला देवाच्या कौलाने अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत राहतो. थोडक्या सामानात नांदता येतं, हे आम्ही तिथे शिकलो. त्यामुळे १९८२ मध्ये घर सोडता येत नव्हतं म्हणून ठेवलं, असं नाही. सगळ्यांना सामावून घ्यायचं ठरलं, म्हणून ते वाढवलं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने अर्ध्या घराची कौलं उडवली आणि तोच प्रश्न आमच्या पिढीपुढे आला. हिस्सा विकावा, सडकेच्या बाजूला स्लॅबचं घर बांधावं, असं काहींचं म्हणणं होतं. मधल्या काळात नियमही बदलले होते. १९९१ च्या अधिसूचनेने समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) लागू झालं, खाडीकाठचा ठरावीक पट्टाही त्यात येतो. अशा ठिकाणी नवं घर उभारणं अवघड, तर अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती त्या मानाने सोपी. पण खरी अडचण कागदाची निघाली. घर अजून आजोबांच्याच नावावर होतं. वारसांची नोंद करण्यात जेवढी दमछाक झाली, तेवढी छप्पर बांधताना झाली नाही. शेवटी जुनेच वासे तपासून, कुजलेले बदलून आम्ही घर उभं ठेवलं. आज त्यात सगळ्यांची सोय होते.

जिथे घर खरोखर पाण्यात जात असेल, देवबाग गावात आला तसा समुद्र दाराशी आला असेल, तिथली गोष्ट वेगळी. तिथे हलणंच शहाणपणाचं. पण भिंती सरळ आणि वासे धड असतील, तर आधी वाढवायचा विचार करा, मोडायचा नंतर. यंदाच्या चतुर्थीला सगळे भाऊबंद एकत्र असाल, तेव्हा सुनांना आणि माहेरवाशिणींनाही विचारा. आणि ज्याच्या नावावर घर आहे ते माणूस गेलं, की वारसांची नोंद लांबणीवर टाकू नका.